‘मले काही नको’ म्हणणाऱ्या आईचा जबडा

प्रश्न : माझी आई ७७ वर्षांची आहे. आम्ही नागपुरात नंदनवनला राहतो. नऊ वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याला एक गोळी चालू होती. मागची दोन वर्षं वर्षातून एकदा सलाइनमधून औषध देतात. शुगर आहे, वजन ४१ किलो. सात महिन्यांपूर्वी खालची उजवी दाढ हलत होती म्हणून काढली. ती जखम भरलीच नाही. आत पिवळट हाड दिसतं, जबड्याखाली फोड येऊन फुटला, त्यातून पू झिरपतो. तीन आठवड्यांपूर्वी पोळीचा घास चावताना ‘कट’ असा आवाज झाला आणि तेव्हापासून तोंड उघडलं की जबडा एका बाजूला जातो. एक डॉक्टर म्हणाले, खराब हाड काढून पायाचं हाड बसवावं लागेल, नऊ-दहा तासांचं ऑपरेशन आहे. दुसरे म्हणाले, या वयात हात लावू नका, अँटिबायोटिक देत राहा. पुण्याचा दादा म्हणतो, पैसा लागू दे पण पूर्ण इलाज करू. धाकटी बहीण म्हणते, आईचे हाल नकोत. आईला विचारलं तर ती म्हणते, ‘मले काही नको.’ आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही. त्यांचा ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, आणि सीटी स्कॅनही पाहिलेला नाही. त्यामुळे ‘हेच करा’ असं मी लिहिणार नाही. पण जबड्याची सर्जन म्हणून, अशा आजीबाई माझ्यासमोर बसल्या की मी कशाकशाचा विचार करते, ते सगळं सांगते.

आधी त्या गोळ्यांबद्दल. तुम्ही लिहिलं नाही, पण घरात कोणीतरी म्हणत असेलच की त्या गोळ्यांनीच घात केला. हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं भरून येतं. ही औषधं झिजवणाऱ्या पेशींना आवरतात, म्हणून खुबा आणि मणका टिकतो. जबड्याचं हाड मात्र शरीरातल्या बऱ्याच हाडांपेक्षा भरभर नवं होत असतं, आणि तोंडातले जंतू व ते हाड यांच्यामध्ये फक्त हिरडीचा पातळ थर असतो. त्यात दाताच्या मुळाशी संसर्ग झाला की काही जणांचं हाड स्वतःला सावरू शकत नाही, मरतं. २००३ साली अमेरिकेतल्या मायामीचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी अशा ३६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे आम्हाला हे कळलं. मी शिकत होते तेव्हा पुस्तकात फक्त एकोणिसाव्या शतकातल्या काडेपेटी कारखान्यातल्या कामगारांचे कुजलेले जबडे होते, पांढऱ्या फॉस्फरसमुळे कुजलेले. ठिसूळपणासाठी गोळी घेणाऱ्यांत हा त्रास साधारण दहा हजारांत दोन ते पाच जणांना होतो. कॅन्सर हाडात पसरला म्हणून हेच औषध दर महिन्याला घेणाऱ्यांत धोका कितीतरी जास्त असतो. आईंचा खुबा एकदा मोडला होता. दुसरा इतकी वर्षं शाबूत राहिला, त्यात या औषधाचा वाटा आहे. ज्यांनी दाढ काढली त्यांच्यावरही सगळं ढकलू नका. दाढ हलत होती म्हणजे खाली संसर्ग बहुधा आधीच होता, आणि पुष्कळदा हाड दाढ काढण्याआधीच मेलेलं असतं.

उघडं हाड आठ आठवडे भरून आलं नाही, असं औषध चालू आहे किंवा पूर्वी झालेलं आहे आणि जबड्याला शेक (कॅन्सरसाठी देतात ती किरणं) दिलेला नाही, की आम्ही या आजाराचं, म्हणजे औषधामुळे जबड्याचं हाड मरण्याचं, नाव घेतो. तुमच्याकडे सात महिने झाले. त्यात कातडीतून पू आणि जबडा मोडलेला, म्हणजे आजार शेवटच्या, तिसऱ्या पायरीवर आहे. नुसत्या अँटिबायोटिकवर सोडा म्हणणाऱ्या डॉक्टरांचा हेतू मला कळतो, पण अँटिबायोटिक मेलेल्या हाडात पोहोचतच नाही. तिथे रक्त जात नाही, मग औषध कसं जाणार? पू काही दिवस थांबेल, पुन्हा येईल.

आता जबड्याच्या हाडाबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळा निर्णय यावर उभा आहे. दात गेले की खालचा जबडा वर्षागणिक खाली बसत जातो. तरुणपणी तीनेक सेंटीमीटर उंचीचं हाड म्हातारपणी एक सेंटीमीटरच्याही खाली येतं, म्हणजे आपल्या करंगळीच्या टोकाएवढं. रक्तपुरवठाही बदलतो. तरुणपणी हाडाच्या आतून जाणारी धमनी ते पोसते. वय वाढतं तशी ती आक्रसते आणि हाड मुख्यतः वरच्या पातळ आवरणावर, आजूबाजूच्या स्नायूंवर जगायला लागतं. म्हणून म्हाताऱ्या माणसाचा जबडा उघडताना ते आवरण जितकं सोलाल तितकं हाड उपाशी मरतं. लहान मुलाचं मोडलेलं हाड दोन बारक्या प्लेटांवर जुळतं. इथे तसं होत नाही. इथे चावण्याचा सगळा भार प्लेटने एकटीने पेलावा लागतो, म्हणून जाड प्लेट लागते आणि दोन्ही टोकांना निरोगी हाडात किमान तीन-तीन स्क्रू. ‘निरोगी हाड’ किती उरलंय, हा पहिला प्रश्न आहे.

पायाचं हाड म्हणजे पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला. १९८९ पासून ते जबड्यासाठी वापरलं जातं. रक्तवाहिनीसकट उचलायचं, जबड्याच्या आकारात तुकडे करून प्लेटवर बसवायचं आणि त्याची नस मानेतल्या नसेला सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने जोडायची. मी हे ऑपरेशन अनेकदा केलंय, आणि जमून आलं की मला आजही त्याचं अप्रूप वाटतं. जबडा अख्खा उभा राहतो, मेलेल्या हाडाच्या जागी रक्त खेळणारं हाड येतं. पण किंमत लक्षात घ्या. आठ-दहा तासांची भूल. दोन जागी जखम. पहिले दोन दिवस आयसीयूत दर तासाला कोणीतरी टॉर्च मारून त्या फ्लॅपचा, म्हणजे रक्तवाहिनीसकट उचलून बसवलेल्या भागाचा, रंग बघणार. आठवडा-दोन आठवडे नाकातून नळी. घोटा डळमळू नये म्हणून खालचे सहा-सात सेंटीमीटर हाड ठेवतात, तरी पाय काही आठवडे दुखतो, चाल बदलते. आणि तुमच्या आईंना शुगर आहे, पायाच्या नसा तुंबलेल्या असू शकतात. ज्या नसेसकट हाड उचलायचं तीच एकटी पाऊल जगवत असेल तर पाऊल धोक्यात येतं. म्हणून पायाची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, केल्याशिवाय या ऑपरेशनला कोणीही होकार देऊ नये.

इथे मला माझ्या एका रुग्णाबद्दल लिहायलाच हवं. काटोलकडचे संत्राबागायतदार होते, ७४ वर्षांचे. जबड्याचं हाड असंच गेलेलं. मी फिब्युला लावलं. फ्लॅप जगला, हाड जुळलं, तो एक्स-रे मी कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना दाखवला. सहा आठवड्यांनी ते तपासणीला आले तेव्हा मी दहा मिनिटं त्यांचं तोंड बघितलं, टाके बघितले, खूश झाले. फाटकापासून माझ्या खुर्चीपर्यंत ते कसे आले, हे मी विचारलंच नाही. त्यांच्या मुलाने त्यांना उचलून आणलं होतं, ते मला नर्सने नंतर सांगितलं. ऑपरेशनच्या आधी ते काठी टेकत रोज बागेत जात. पुढच्या वर्षभरात ते एकदाही बागेत गेले नाहीत. मी त्यांना ऑपरेशनपूर्वी चालायला लावून पाहिलं नव्हतं. वजन किती उतरलंय हेही विचारलं नव्हतं. ते माझं चुकलं, आणि तेव्हापासून माझी तपासणी तोंडापासून सुरू होत नाही.

आता मी आधी खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायला सांगते. चार मीटर चालायला सांगते आणि घड्याळ बघते. पाच सेकंदांहून जास्त लागले की सावध होते. सहा महिन्यांत किती किलो उतरले, आंघोळ कोण घालतं, औषधं स्वतः घेतात का, रात्री कुठे आहे याचं भान राहतं का, हे विचारते. कॅनडाच्या रॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये शरीर किती गळून गेलंय हे मोजायला एक साधी मोजपट्टी तयार केली, आज ती जगभर वापरतात. तीत एक फार चांगली गोष्ट आहे. माणूस आज पलंगावर कसा पडलाय ते बघायचं नाही, आजार बळावायच्या दोन आठवडे आधी कसा होता ते विचारायचं. इतवारीत दोन जिने चढून घरी जाणाऱ्या ८१ वर्षांच्या एक आजी लांब ऑपरेशन व्यवस्थित निभावून गेल्या. वयाचा आकडा बघून मी कोणाला नाही म्हणत नाही. गळून गेलेलं शरीर बघून म्हणते.

तुमच्या दोन डॉक्टरांनी दोन टोकं सांगितली. त्यांच्या मध्ये एक रस्ता आहे आणि अशक्त म्हाताऱ्या माणसांसाठी मी बहुतेकदा तोच धरते. मेलेलं हाड तेवढं काढायचं, कडा घासून गुळगुळीत करायच्या, जाड प्लेटने दोन टोकं धरायची आणि वर जवळचाच स्नायू किंवा हिरडी आणून घट्ट झाकायचं. दोन-तीन तासांचं काम. प्लेट पुढेमागे कातडीतून बाहेर येऊ शकते, तुटू शकते, हे मी आधीच सांगून ठेवते. हनुवटीचा पुढचा भाग जात असेल तर हा धोका मोठा असतो आणि जीभ मागे पडून श्वासालाही त्रास होतो, तिथे हाड लावण्याचं पारडं जड होतं. पण तुमच्या वर्णनावरून आजार उजव्या बाजूला, दाढेच्या जागी आहे. बाजूचा तुकडा गेला तर जबडा थोडा एका अंगाला कलतो. कलला तरी ज्यांना दात जुळवून कडक काही चावायचंच नाही, त्यांचं त्याने फारसं अडत नाही. फारच थकलेल्या माणसात प्लेटसुद्धा न लावता नुसतं सुटलेलं हाड काढून जखम बंद केलेली चालते.

म्हणून आईंना नीट विचारा. ‘मले काही नको’ हे उत्तर नव्हे. आपल्याकडच्या बाया साडीला, दवाखान्याला, दुसऱ्या पोळीला, सगळ्यालाच हे म्हणतात. माझ्याकडे अशाच एक आजी आल्या होत्या, सोबत तीन मुलं, तिघंही एकदम बोलत होती. मी मुलांना बाहेर पाठवलं, खुर्ची त्यांच्या चांगल्या कानाकडे ओढली आणि विचारलं, ‘आजी, काय खावंसं वाटते?’ त्या बराच वेळ पदराने हनुवटी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘जवारीची भाकर. दुधात कुस्करून.’ मी विचारलं, अजून? तेव्हा हळूच म्हणाल्या, ‘हा वास गेला पायजे. नातू जवळ येत नाही माया.’ ताई, तेवढ्यावर ऑपरेशन ठरलं. भाकर दुधात कुस्करून खायला फिब्युला लागत नाही, दातही लागत नाहीत. पण पू थांबायला मेलेलं हाड काढावंच लागतं. ते काढलं, प्लेट लावली. दोन महिन्यांनी नातू त्यांच्या मांडीवर बसून आला होता.

तुमच्या आईंना दुखतं का, वास त्रास देतो का, काय खायचंय, आणि किती दिवस हॉस्पिटलात राहायची तयारी आहे, हे चार वेगळे प्रश्न वेगवेगळ्या वेळी विचारा. मुलं समोर नसताना. दादांना पुण्याहून फोनवर निर्णय न घेता दोन दिवस येऊन आईजवळ बसायला सांगा. पैसा लागू दे म्हणण्यामागे त्यांची माया आहे, पण त्यांनी आईला जेवताना बघितलेलं नाही.

ऑपरेशन कोणतंही ठरो, आधीचे दोन-तीन आठवडे वाया घालवू नका. ४१ किलोच्या बाईंना दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि त्या बहुधा त्याच्या निम्मीही घेत नसतील. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. मुगाचं घट्ट वरण मिक्सरमधून काढून, त्यात तूप, दूध, मऊ पनीर, अंडं चालत असेल तर मऊ शिजवून कुस्करून, ज्वारीची आंबील ताकात. दिवसातून सहा वेळा थोडंथोडं. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शुगर आटोक्यात आणा. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या चालू ठेवा. चष्मा आणि कानाचं यंत्र हॉस्पिटलात सोबत न्या. ऑपरेशननंतरच्या रात्री म्हातारी माणसं भ्रमात जातात, लेकीला ओळखत नाहीत, नळ्या उपटतात. घरचं माणूस उशाशी असलं, चष्मा डोळ्यावर असला, रात्री दिवे मंद असले तर हे खूप कमी होतं. कागदावर सही करण्याआधी भूलतज्ज्ञांना स्वतः भेटा.

ठिसूळपणाचं औषध मनाने बंद करू नका. पुढचं सलाइन लांबवायचं का, ते हाडांच्या आणि जबड्याच्या डॉक्टरांनी मिळून ठरवावं. हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे महिनाभर थांबवून चमत्कार होत नाही.

कुठे दाखवायचं म्हणाल, तर मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या मुखशल्य विभागात जा. शेजारीच मेडिकल असल्याने फिजिशियन आणि भूलतज्ज्ञांचं मत एकाच फेरीत घेता येतं. मिहानमधलं एम्सही आहे. आईंचं वय ७० च्या वर असल्याने आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार येतात, उत्पन्नाची अट नाही. तुमचं ऑपरेशन त्यात बसतं का, हे भरती होण्याआधी त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, नंतर नको.

प्रश्न : सासूबाई ६९ वर्षांच्या आहेत. हाडांच्या डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सांगितलं आहे. जबडा कुजतो असं ऐकून त्या घाबरल्या आहेत. घेऊ की नको?

उत्तर : घ्या, पण आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा. ओपीजी काढून मुळाशी पू, हलणारे दात, किडलेल्या मुळ्या सगळं बघून घ्या. जे काढायचं ते काढा, जखम भरू द्या, साधारण दोन-तीन आठवडे, मग इंजेक्शन. कवळी असेल तर ती हिरडीला बोचत नाही ना ते बघा. बोचणाऱ्या कवळीच्या जखमेतूनही हाड उघडं पडतं. दर सहा महिन्यांच्या या इंजेक्शनची, बहुधा ते डेनोसुमॅब असेल, एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगते : ते एकदा सुरू केलं की घाबरून मध्येच सोडायचं नाही. तारीख महिनाभराहून जास्त पुढे गेली की हाडं झपाट्याने ठिसूळ होतात आणि मणके पाठोपाठ दबतात. मी असा एक वाकलेला पाठीचा कणा पाहिला आहे. दाताच्या भीतीने बंद केलं होतं.

प्रश्न : वडील ७२. सहा वर्षांपूर्वी खर्र्यामुळे (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) तोंडाचा कॅन्सर झाला होता, ऑपरेशन आणि नंतर शेक दिला. आता त्याच बाजूला हाड उघडं पडलंय. हा तोच गोळ्यांचा आजार का?

उत्तर : नाही. हा शेकाचा परिणाम दिसतो. जबड्याला ६० ग्रेच्या (ग्रे हे शेकाचं माप) वर शेक मिळाला असला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात, आणि वर्षांनी कधीतरी हाड उघडं पडतं. पण आधी तो कॅन्सर परत आलेला नाही ना, हे तुकडा काढून तपासायला हवं. त्याशिवाय पुढचं काही ठरवू नका. इथे भोवतालचं मांसही रक्ताविना सुकलेलं असतं, जवळचं काही आणून झाकता येत नाही, म्हणून हाड मोडलं किंवा कातडीतून बाहेर आलं असेल तर पायाच्या हाडाचा विचार आम्ही जास्त वेळा करतो. अर्थात वडील ते सोसतील का, हे वर लिहिलं तसंच बघून. खर्रा अजून चालू असेल, तर मला माहीत आहे विदर्भात तो सुटणं किती कठीण आहे, पण तो चालू असताना कुठलाच फ्लॅप नीट भरत नाही. तंबाखू नसा आवळते. डॉक्टरांकडे जाताना सहा वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज कार्ड आणि शेकाचा कागद शोधून न्या, ज्यावर कुठल्या भागाला किती ग्रे दिले ते लिहिलेलं असतं. घरी सापडला नाही तर जिथे शेक दिला तिथल्या रेडिएशन विभागात जुना नोंदणी क्रमांक सांगून मागा.